आठवणीतली शत्रूची बंदूक : नाव चुकले, तरी ओळख पटते

कर्जत (खास प्रतिनिधी) – ‘आमच्या आजोबांनी लढाईत जर्मनाची मशिनगन पकडली होती,’ असे अभिमानाने सांगणारी घरे कोकणात आणि घाटमाथ्यावर आजही आहेत. मराठा पलटणींच्या भरतीची ही जुनी भूमी. कोणती मशिनगन, असे विचारले की मात्र उत्तर अडखळते. कोणी ‘स्पंडाऊ’ म्हणतो, कोणी ‘ब्रेनसारखीच होती’ म्हणतो, तर कोणी नुसतेच ‘मोठी होती’ म्हणून थांबतो. मग ऐकणाऱ्याला वाटते, म्हाताऱ्याची गोष्ट रंगवलेली असावी. वास्तविक चूक बहुधा सांगणाऱ्याची नसते, विचारणाऱ्याची असते. सैनिकाच्या स्मरणात बंदुकीचे नाव टिकत नाही. टिकतो तो तिचा आवाज, तिचे वजन, ती भरण्याची रीत आणि गरम नळीचा चटका. एवढ्या सामग्रीवरून शत्रूची बंदूक बऱ्याच अंशी निश्चित ओळखता येते.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही. १९४५ साली विशीत असलेला सैनिक आज असलाच, तर शंभरी ओलांडलेला असेल. १९६५ चे जवान ऐंशीच्या पुढे गेले, १९७१ चे पंचाहत्तरीच्या घरात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी मुला-नातवंडांच्या तोंडूनच मिळणार. १९७१ च्या गोष्टी मात्र प्रत्यक्ष लढलेल्या माणसाकडून ऐकण्याची संधी अजून आहे.

रायगडच्या वीराची मशिनगन

या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण रायगड जिल्ह्यातच सापडते. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतील इतर सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा गोलंदाज निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी लोळवले. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या प्रसंगात दोन बंदुका आहेत. घाडगे यांची स्वतःची बंदूक मानपत्रात नावानिशी आहे : टॉमीगन, म्हणजे पॉइंट ४५ बोअरची अमेरिकन थॉम्प्सन. तिचे सरळ मॅगझिन २० किंवा ३० गोळ्यांचे असे. ते किती झटपट रिकामे होते, हे लक्षात घेतले की बंदूक नळीकडून का धरावी लागली, ते उमगते. शत्रूच्या बंदुकीबद्दल मानपत्र नुसते ‘मशिनगन’ एवढेच म्हणते. इटलीतील जर्मन पायदळाकडे तेव्हा मुख्यतः एमजी ३४ आणि एमजी ४२ या दोन मशिनगन होत्या. कागद आपल्याला या दोन नावांपर्यंत आणून सोडतो. त्यापुढचा निर्णय कोणी प्रत्यक्षदर्शीच देऊ शकला असता. घरातील गोष्ट म्हणूनच मोलाची ठरते, कारण सरकारी कागद जिथे थांबतो तिथून ती सुरू होते.

आधी आघाडी, मग बंदूक

कर्जत-खालापूर परिसरात ‘युद्धाच्या काळातली बंदूक’ म्हटले की आणखी एक गुंता असतो. इथल्या माणसाला युद्धकाळ म्हणताच सिद्धगड आठवतो. माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे आझाद दस्त्याचे क्रांतिकारक २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले. मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून या दस्त्याने सरकारला हैराण केले होते. त्यामुळे एकाच गावात, एकाच काळातल्या तीन प्रकारच्या बंदुका आठवणीत मिसळलेल्या असू शकतात : शिकारीची ठासणीची बंदूक, पोलिसांची पॉइंट ४१० बोअरची मस्केट आणि परदेशी आघाडीवर पाहिलेली शत्रूची बंदूक. ती पाहिली कुठे, हा पहिला प्रश्न म्हणूनच टाळू नये.

आघाडी ठरवण्यासाठी ट्रंकेतली पदके काढावीत. दुसऱ्या महायुद्धातील ‘आफ्रिका स्टार’, ‘इटली स्टार’ आणि ‘बर्मा स्टार’ ही पदके त्या-त्या रणभूमीवरील सेवेसाठीच दिली जात. नुसता बर्मा स्टार असेल, तर पकडलेली बंदूक जपानी असण्याचा संभव सर्वाधिक. इटली स्टार असेल, तर जर्मन. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांत ‘समर सेवा स्टार’ १९६५ च्या युद्धाचे, तर ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ १९७१ च्या दोन आघाड्यांचे. पदकाबरोबर सेवापुस्तक किंवा डिस्चार्ज प्रमाणपत्र सापडले, तर बटालियनही कळते. मराठा बटालियन अनेक आघाड्यांवर विखुरलेल्या होत्या. तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनला इटालियन सैन्याशी लढली आणि पुढे इटलीत जर्मनांशी. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाकला जपान्यांशी झुंजली. एका बटालियनचा आकडा कळला की निम्म्या शक्यता आपोआप गळून पडतात.

नाव थोडे सांगते, फसवते फार

‘स्पंडाऊ’ हे बर्लिनजवळच्या एका गावाचे नाव. तेथील सरकारी शस्त्रागाराचा शिक्का पहिल्या महायुद्धातील जर्मन मशिनगनवर असे. तेव्हापासून दोस्तांच्या सैन्यात जर्मनांच्या हरएक मशिनगनला ‘स्पंडाऊ’ म्हणण्याची रीत पडली. त्यामुळे आजोबा ‘स्पंडाऊ’ म्हणत असतील, तर त्यातून फक्त ‘जर्मन मशिनगन’ एवढेच सिद्ध होते. ‘श्मायसर’चेही तसेच. दोस्त सैनिक ज्या एमपी ४० ला हे नाव देत, तिची रचना ह्यूगो श्मायसर यांची नव्हतीच.

आपल्याकडे ‘स्टेन’ शब्दाने अशीच गफलत होते. भारतीय जवान पुढच्या काळातील नऊ मिलिमीटर कार्बाइनलाही सर्रास ‘स्टेन’ म्हणत आले. दोन्हींचे मॅगझिन डाव्या बाजूला आडवे. फरक असा की मूळ स्टेनचे मॅगझिन सरळ, तर कार्बाइनचे किंचित वाकडे. मॅगझिन सरळ होते की वाकडे, हा एकच प्रश्न नावाचा घोळ मिटवतो.

हाताला विचारा

अनुभव असा, की म्हातारा माणूस बंदुकीचे वर्णन शब्दांत करू लागला की थकतो. त्याच्या हाती काठी किंवा छत्री दिली आणि ‘आबा, ही भरून दाखवा बरं’ म्हटले, की हात आपोआप चालू लागतात. मॅगझिन वरून लावले की खालून, बोल्ट उजव्या हाताने ओढला की डाव्या, पट्टा कुठल्या बाजूने सरकवला, हे सारे हात सांगतात. ओळख पटवण्याचा खरा पुरावा हाच.

या पुराव्याचा उपयोग कसा होतो, ते पाहू. भारतीय पायदळाची ब्रेनगन ३० गोळ्यांचे वाकडे मॅगझिन वरून घेई. जपान्यांची टाइप ९६ आणि टाइप ९९ हलकी मशिनगनही वरूनच भरली जाई, त्यामुळे ‘ब्रेनसारखीच होती’ हे बर्मातील वर्णन चुकीचे नसते. मात्र या जपानी मशिनगनला संगीन लावण्याची सोय होती. तेव्हा ‘मशिनगनला संगीन होती’ असे आजोबा म्हणाले, तर हसू नये. तीच तिची खूण. जपानी रायफलवर राजघराण्याचे सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल कोरलेले असे, आणि शरणागतीच्या वेळी ते अनेकदा घासून काढले जाई. ‘फूल खरवडलेली बंदूक’ हे वर्णन म्हणूनच अतिशय बोलके आहे.

इटालियन शस्त्रांच्या खुणा याहून चमत्कारिक. ब्रेडा मॉडेल ३० या हलक्या मशिनगनचे मॅगझिन उजव्या अंगाला कायमचे जोडलेले असे. ते निघत नसे, फक्त बिजागरीवर पुढे उघडे, आणि त्यात २० गोळ्यांची पट्टी सरकवावी लागे. ब्रेडा ३७ ही जड मशिनगन तर झाडलेल्या गोळीचे रिकामे काडतूस पुन्हा त्याच पट्टीत नेऊन ठेवी. बेरेटा सबमशिनगनला दोन चाप : पुढचा एकेका गोळीसाठी, मागचा सलग माऱ्यासाठी. ‘दोन घोड्यांची बंदूक’ असे वर्णन आफ्रिकेत लढलेल्या माणसाकडून आले, तर ते कल्पनेचे खेळ समजू नयेत.

एमजी ३४ की एमजी ४२, हा घाडगे यांच्या प्रसंगातील प्रश्नही हातच सोडवतात. एमजी ३४ च्या चापाचे दोन भाग होते. वरचा दाबला की एकच गोळी सुटे, खालचा दाबला की सलग मारा. एमजी ४२ मध्ये एकेक गोळी सोडण्याची सोयच नव्हती. एमजी ३४ च्या नळीवरील आवरण गोल आणि गोल भोकांचे. एमजी ४२ चे चौकोनी, ठोकून घडवलेल्या पत्र्याचे आणि लांबट भोकांचे. तापलेली नळी बदलताना एमजी ३४ चा मागचा भाग फिरवून ती मागून ओढावी लागे, तर एमजी ४२ मध्ये उजव्या बाजूची कळ उघडताच नळी बाहेर येई.

आवाज विसरत नाही

डोळ्याने पाहिलेले पुसट होते, कानावर आदळलेले राहते. ब्रेनगन मिनिटाला सुमारे ५०० गोळ्यांच्या गतीने चाले. कान सरावला की त्या जवळजवळ मोजता येत. एमजी ४२ ची गती मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्यांची. इतक्या वेगात स्वतंत्र बार ऐकूच येत नाहीत, जाडेभरडे मांजरपाट टरकन फाडावे तसा एकच लांब आवाज येतो. उलट, जपान्यांची टाइप ९२ ही जड मशिनगन इतकी संथ चाले की दोस्त सैनिकांनी तिला सुतार पक्ष्याचे नाव दिले होते. अमेरिकन गॅरंड रायफलची आठवी गोळी सुटली की तिची लोखंडी क्लिप ‘टिंग’ आवाज करीत बाहेर उडे. अमेरिकेच्या लष्करी मदतीतून ही रायफल पाकिस्तानकडे आली होती. त्यामुळे १९६५ च्या जवानाने ‘टिंग’ सांगितले, तर बंदुकीचे नाव सांगितल्यासारखेच झाले.

१९७१ : एक नाव, तीन बंदुका

बांगलादेश मुक्तिसंग्रामातील आठवणींत हमखास येणारा शब्द म्हणजे ‘चायना’. पाकिस्तानकडे चिनी बनावटीची शस्त्रे मोठ्या प्रमाणात होती. घोटाळा असा, की चीनने ‘टाइप ५६’ हे एकच नाव तीन शस्त्रांना दिले होते. एक, ३० गोळ्यांच्या वाकड्या मॅगझिनची, कलाश्निकोव्हच्या धर्तीची रायफल. दुसरी, दहा गोळ्यांच्या न निघणाऱ्या मॅगझिनची आणि नळीखाली दुमडलेल्या संगिनीची कार्बाइन. तिसरी, गोल डब्यातील १०० गोळ्यांच्या पट्ट्यावर चालणारी हलकी मशिनगन. ‘चायना’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न म्हणूनच एकच : गोळ्या कशात होत्या, वाकड्या मॅगझिनमध्ये, पोटातल्या पेटीत की गोल डब्यात?

याच युद्धात पाकिस्तानी पायदळाकडे जी ३ ही जर्मन रचनेची रायफल आणि एमजी १ ए ३ ही मशिनगनही होती. ही मशिनगन एमजी ४२ चीच युद्धोत्तर आवृत्ती. वडिलांनी इटलीत ऐकलेला कापड फाडल्यासारखा आवाज मुलाला २७ वर्षांनी बंगालच्या मैदानात पुन्हा ऐकू येणे म्हणूनच शक्य होते. दोघांच्या आठवणी सारख्या निघाल्या, तर एकाने दुसऱ्याची गोष्ट उचलली असा तर्क करण्याची घाई नको.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे ‘जंगी पलटण’ने, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरची लढाई गाजवली. त्याआधी ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरणागतीचे आवाहन करणारे पत्र पाठवले. बलुच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी पाठवली आणि पुढच्या भेटीत हाती लेखणीऐवजी स्टेन असावी, अशा आशयाचा टोला लगावला. ‘स्टेन’ हे नाव तोवर सीमेच्या दोन्ही बाजूंना बंदुकीचा सर्वसाधारण पर्याय झाले होते, याचाही हा पुरावा म्हणता येईल.

काडतुसाची साक्ष

एखाद्या घरात आठवण म्हणून रिकामे काडतूस ठेवलेले असते. त्याच्या बुडावरील अक्षरे भिंगाने वाचावीत. ‘केएफ’ म्हणजे पुण्याच्या खडकी कारखान्याचे, अर्थात आपल्याच बाजूचे. ‘पीओएफ’ म्हणजे पाकिस्तानच्या आयुध कारखान्याचे. चिनी काडतुसावर कारखान्याचा आकडा आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. लांबीही मोजावी. ‘सेव्हन पॉइंट सिक्स टू’ एवढे सांगून भागत नाही. भारतीय एसएलआर आणि पाकिस्तानी जी ३ यांच्या काडतुसाची नळी ५१ मिलिमीटर, तर चिनी टाइप ५६ ची ३९ मिलिमीटर. काडतूस भरलेले असेल, तर मात्र ही तपासणी घरी मुळीच करू नये.

बंदूक घरातच असेल तर?

लढाईत हाती लागलेले शस्त्र सरकारचे असते, ते पकडणाऱ्याचे होत नाही. तरीही जुन्या पेटीत पिस्तूल किंवा सुटे भाग सापडण्याचा प्रसंग एखाद्या कुटुंबावर येऊ शकतो. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा आहे, आणि स्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित वर्गात मोडतात. आजोबांच्या शौर्याचा वारसा हा परवान्याला पर्याय ठरत नाही. पुरातन किंवा कायमच्या निकामी शस्त्रांना कायद्यात सवलत आहे, पण तो निर्णय घरच्यांनी करायचा नसतो. शस्त्र न हाताळता, न साफ करता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. हातबॉम्ब किंवा भरलेली काडतुसे आढळल्यास ती जागची हलवू नयेत.

पडताळणी कुठे करावी?

आठवणीवरून तर्क बांधला, की तो वस्तूशी ताडून पाहावा. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरचे संग्रहालय आणि पुण्यात घोरपडीजवळचे दक्षिण कमांडचे युद्धस्मारक ही त्यासाठी जवळची ठिकाणे. कर्जतहून पुणे तर गाडीने दोन-अडीच तासांवर. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जपानी रणगाडे आणि पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन पाहता येतात. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संकेतस्थळावर शस्त्रांची छायाचित्रे आहेत. सेवानोंदींबाबत अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन घ्यावे. युद्धांच्या दैनंदिन्या आणि इतर अभिलेख जतन करून सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये मंजूर केले आहे, हेही अभ्यासकांनी लक्षात ठेवावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. छायाचित्र शेवटी दाखवावे. आधी दाखवले, तर म्हातारा माणूस त्या चित्रालाच आठवण समजू लागतो. गोष्ट पूर्ण ऐकून, उत्तरे लिहून घेतल्यावर पाच-सहा चित्रे एकत्र ठेवावीत आणि निवड त्यांच्यावर सोडावी. आठ-पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. दोन्ही वेळा जे सारखे आले, ते पक्के समजावे.

यशवंत घाडगे यांचे पार्थिव कधीच सापडले नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपाने स्मारक उभे राहिले. त्यांच्यासोबत लढून जे परत आले, त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला ना पुतळा आला ना मानपत्र. त्यांची लढाई घरच्यांना सांगितलेल्या चार गोष्टींतच उरली आहे. त्यातली बंदूक नेमकी ओळखता आली, तर ती गोष्ट नातवंडांना ऐकीव दंतकथा वाटणार नाही.

चौकट : माजी सैनिकाला विचारावेत असे दहा प्रश्न

१. ती बंदूक पाहिली तेव्हा पलटण कोणत्या मुलखात होती? समोर कोण होते?
२. गोळ्या मॅगझिनमध्ये होत्या, पट्ट्यात, पट्टीवर की डब्यात?
३. मॅगझिन वर, खाली, डावीकडे की उजवीकडे? सरळ की वाकडे? निघत होते का?
४. एकेक गोळी सुटत होती की सलगच?
५. आवाज मोजता येण्यासारखा होता की एकसलग?
६. तुमच्या रायफलपेक्षा किंवा ब्रेनपेक्षा जड वाटली की हलकी?
७. दस्ता लाकडी होता, लोखंडी की दुमडणारा?
८. नळीवर आवरण होते का? त्याची भोके गोल की लांबट?
९. संगीन, दोन पाय किंवा तिवई होती का?
१०. पकडल्यावर ती कोणाच्या ताब्यात दिली?